कंसातली शेवटची जागा

मी धीर. एका प्रोग्राममधल्या फंक्शनच्या कंसात, जन्मतः अगदी शेवटच्या जागेवर बसवलेला पॅरामीटर. नाव ऐकून बिचकू नका. संगणकातलं ओ का ठो कळत नसलं तरी माझी गोष्ट तुम्हाला कळेल, कारण ती निम्मी एका घरातली आहे.

आधी फंक्शन म्हणजे काय ते सांगून टाकतो. एखादं काम रोज तसंच्या तसं करायचं असेल, तर ते एकदा नीट लिहून ठेवतात आणि त्याला नाव देतात. मग नुसतं नाव घेतलं की काम होतं. आमच्या फंक्शनचं नाव 'हाक'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सकाळी फोन करायचा आणि एका बाईंचा आधीच भरून ठेवलेला आवाज ऐकवायचा: "सुप्रभात. बरे असाल तर एक दाबा." समोरच्यानं एक दाबला की झालं. फोन उचललाच नाही, तर त्याच्या घरच्यांना मोबाइलवर निरोप धाडायचा, 'उत्तर नाही'. एवढंच आमचं काम, पण त्या दोन शब्दांनी भल्याभल्यांची झोप उडते.

हाक मारायची तर नावापुढच्या कंसात दोन गोष्टी सांगाव्याच लागतात; अशा गोष्टीला पॅरामीटर म्हणतात. कोणाला आणि किती वाजता. त्या दोघांवाचून फंक्शन जागचं हलत नाही. एक जरी राहिला तरी संगणक लाल अक्षरांत कावतो. तिसरा मी. फोन किती वेळ वाजू द्यायचा, हे सांगणारा. मला सांगितलं तर ठीक, नाही सांगितलं तरी कोणाचं काही अडत नाही, वीस सेकंद धरून चालतात. अशांना ऐच्छिक पॅरामीटर म्हणतात. ऐच्छिक हा शब्द बाहेरून फार ऐसपैस वाटतो. आत राहून बघा म्हणजे समजेल.

माझा जन्म बाबांमुळे झाला. बाबा म्हणजे जिनं मला लिहिलं तिचे वडील. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणतो. पडद्याच्या कापडाच्या दुकानावर तीन खोल्यांचं तिचं ऑफिस आहे. 'हाक' लिहून झाल्यावर तिनं पहिली चाचणी स्वतःच्या वडिलांवर केली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही उत्तर नाही. तिनं घाबरून स्वतः फोन लावला, बराच वेळ वाजू दिला, तेव्हा धापा टाकत बाबा आले आणि म्हणाले, "अगं, येतोय ना. पळू का आता?"

बाबा पूर्वी चष्म्याच्या काचा घासायचे. दुकान केव्हाच बंद झालं, पण हात बंद झाले नाहीत. घराच्या मागच्या खोलीत, सकाळचं ऊन येतं त्या खिडकीशी त्यांचं टेबल आहे. शेजारपाजारचे लोक ढिल्या झालेल्या काड्या आणि निसटलेले स्क्रू आणून देतात आणि बाबा ते नीट करून देतात. फोन मात्र पुढच्या दाराशी, बोळातल्या फळीवर; वायर तिथवरच आलेली. मधे दोन खोल्या, एक उंबरठा आणि बाबांचे गुडघे. वॉकर घेऊन ते निघाले की त्यांना बराच वेळ लागतो.

मोबाइल देऊन पाहिला होता. तो कुठे ठेवला हे शोधायला लँडलाइनवरून फोन लावावा लागायचा, म्हणजे चालणं आलंच. शेवटी मोबाइल कपाटात गेला.

मग एका सुट्टीत ताई त्यांच्याकडे गेली आणि घड्याळ लावून बसली. बाबा खिडकीपासून फोनपर्यंत चालत आले. तिनं वेळ मोजली, वर थोडी सवड धरली आणि आकडा ठरवला: नव्वद. सगळ्यांनाच नव्वद सेकंद द्यावेत असं तिच्या मनात होतं. पण इतका वेळ प्रत्येक फोन वाजत राहिला तर लाइन अडकून पडते आणि रांगेतल्या पुढच्यांना उशीर होतो. तेव्हा ज्याला लागेल त्यानं सांगावं, बाकीच्यांना वीस, असं ठरलं आणि कंसात माझ्यासाठी एक जागा निघाली.

नाव ठेवताना शेजारच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "टाइमआउट लिही ना. सगळे तेच लिहितात."

"टाइमआउट म्हणजे वेळ संपली," ताई म्हणाली. "मला वेळ द्यायचीय." आणि तिनं रोमन अक्षरांत टाइप केलं, धीर. मला ते नाव आवडलं. पुढे ते फार कोणाच्या तोंडी आलं नाही, हा भाग वेगळा.

आता धाकट्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्या एका अटीवर उभं होतं. आई गेल्यापासून त्याला वाटत होतं की बाबांनी आपल्याकडे राहावं. तो गाडीनं तासाभराच्या अंतरावर राहतो, घरात बायको, मुलं, सगळं आहे. बाबा ऐकत नव्हते. "मला माझ्या खिडकीशी बसू द्या," एवढंच म्हणायचे. भांडणं झाली. अबोले झाले. अखेर ताईनं मध्यस्थी केली. रोज सकाळी सातला हाक जाईल. बाबांनी फोन उचलला तर ते आपल्या घरात राहतील. उचलेनासे झाले, तर मुकाट्यानं धाकट्याकडे जातील. बाबांनी मान्य केलं. म्हणजे पाहा, एका माणसाचं घर माझ्या नव्वद सेकंदांवर टेकलेलं होतं. मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि धाकधूकही.

रोज सकाळी शेकडो हाका निघतात. कोणाला ते सांगतात, किती वाजता ते सांगतात, आणि कंस बंद. माझ्याकडे कोणी पाहतही नाही. मी असतो, कामही करतो, पण कोणीतरी आधीच ठरवलेला आकडा माझ्या हातात कोंबलेला असतो. प्रोग्रामवाले त्याला डिफॉल्ट म्हणतात. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे, गृहीत धरणं. ज्याला गृहीत धरलं आहे, त्याला ते काय असतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

सातची वाट मात्र मी पाहायचो. साऱ्या प्रोग्राममध्ये ती एकच ओळ अशी होती, जिच्यात ताईनं माझ्यासाठी काही लिहिलं होतं. हाक, मग कंसात बाबा, सात, नव्वद. मग फोन वाजत राहायचा आणि मी थांबून राहायचो. अर्धा वेळ जायचा, पाऊण वेळ जायचा. कुठल्याही क्षणी लाइन तोडण्याची मुभा असलेल्या यंत्रात मी एकटा तिला अडवून धरायचो. शेवटी रिसीव्हर उचलल्याचा आवाज यायचा आणि त्यामागून बाबांचा श्वास.

"सुप्रभात. बरे असाल तर एक दाबा."

"बरा आहे हो, बाई. तुम्ही बऱ्या आहात ना?" बाबा म्हणायचे. तो आवाज भरून ठेवलेला आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी ते बोलायचे. एखाद्या दिवशी कोणाच्या चष्म्याचा स्क्रू फरशीवर पडून हरवला तेही सांगायचे. यंत्र थोडा वेळ उत्तराची वाट पाहतं, पुन्हा एकदा विचारतं, तेवढ्यात त्यांच्या गप्पा व्हायच्या. मग एक दाबायचे. बाईंना त्यातलं काही ऐकू जायचं नाही. मला जायचं.

या कामात माणसांची एक खोड माझ्या लक्षात आली. ज्या प्रश्नापुढे 'ऐच्छिक' लिहिलं आहे, तो माणसं वाचतसुद्धा नाहीत. आईवडिलांची नावं नोंदवायला मुलं यायची. नाव, नंबर, वेळ पटापट सांगायची. "फोनपर्यंत यायला त्यांना किती वेळ लागतो?" असा रकाना असायचा. "ते असू दे, जे काय असेल ते ठेवा," म्हणायची. वीस सेकंद पुरतात म्हणून नव्हे, तर आईला चालायला किती वेळ लागतो हे कोणी पाहिलेलं नसायचं म्हणून. एखादी गोष्ट नको म्हणणं वेगळं आणि तिच्याबद्दल काही न बोलणं वेगळं. फंक्शनला हा फरक कळत नाही. काही बोललं नाही की ते वीस धरतं.

मग ऑफिसात एक नवे गृहस्थ आले. चाळिशी उलटलेले, आधी बँकेच्या संगणक खात्यात होते. टेबलावर पेनं उंचीप्रमाणे लावायचे, म्हणून सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव टापटीप ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि चालत होतं. माणूस सज्जन. त्यांनी हात लावलेला कोड वाचायला बरा वाटायचा.

लोकांची एक तक्रार होती. आई आंघोळीला गेलेली असते, एक फोन चुकतो, की लगेच घरभर घबराट. तेव्हा निरोप गेल्यावरही थोड्या वेळानं पुन्हा हाक मारून पाहावी, म्हणजे घोर लवकर मिटेल, असं ठरलं. किती वेळा ते सांगण्यासाठी कंसात आणखी एक जागा हवी होती. काम टापटीप यांच्याकडे गेलं. त्यांनी नव्या पॅरामीटरचं नाव ठेवलं 'पुन्हा'. तोही ऐच्छिक. सांगितलं नाही तर एकदाच.

आणि त्याला त्यांनी माझ्या अलीकडे बसवलं.

"आधी किती वेळा, मग किती वेळ," ते स्वतःशीच म्हणाले. "वाचायला सरळ."

वाचायला सरळच होतं. पण आमच्यात नाव विचारून बसवत नाहीत, जागा पाहून बसवतात. कंसात तिसरी गोष्ट आली की ती तिसऱ्या खुर्चीवर जाते. कालपर्यंत तिसरी खुर्ची माझी होती, आता मी चौथा झालो होतो. ताईच्या ओळीत काही बदललं नव्हतं: बाबा, सात, नव्वद. ते नव्वद आता 'पुन्हा'च्या मांडीवर जाऊन बसणार होते. मला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी वीस. मी ते पाहिलं. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड नाही. टापटीप यांनी सगळ्या चाचण्या चालवून पाहिल्या, त्या हिरव्या आल्या, म्हणजे पास झाल्या, कारण त्यांतल्या एकीतही मला कोणी काही सांगत नव्हतं. संगणक कावला नाही. आकडा तो आकडा, त्याच्या लेखी सगळं ठीक होतं.

दुसऱ्या सकाळी सातला बाबांचा फोन वाजला. वीस सेकंद झाले आणि माझ्याच हातून लाइन तुटली. तेव्हा बाबा फार तर पहिल्या खोलीच्या दारात असतील. धाकट्याला निरोप गेला, उत्तर नाही. पाच मिनिटांनी पुन्हा हाक. पुन्हा वीस सेकंद, पुन्हा तुटली. मग पुन्हा. 'पुन्हा' बिचारा सांगितलं ते करत होता. त्याला नव्वद वेळा सांगितलं होतं. पलीकडे काय होत असेल ते मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. बाबा फोनपाशी पोचत असतील, रिसीव्हर कानाला लावत असतील, परत फिरत असतील. खिडकीशी जाऊन टेकतात न टेकतात तोच घंटा. कितव्या तरी खेपेला ते परत गेलेच नसतील, कारण एकदाचा फोन उचलला गेला. त्या दिवशी त्यांनी बाईंची विचारपूस केली नाही. नुसता श्वास ऐकू आला आणि एक दाबला गेला.

तोवर धाकट्याच्या मोबाइलवर निरोपांची रांग लागली होती. तो काम टाकून गाडी काढून निघालासुद्धा. पोचला तर बाबा बोळात भिंतीला टेकून उभे.

दुपारी ताईनं ऑफिसातून बाबांना फोन केला. स्पीकरवर होता, आणि समोर माझाच कोड उघडा होता, म्हणून मला ऐकता आलं.

"बाबा, सकाळी फोन का नाही उचललात?"

"अगं, वाजतो आणि मी पोचेपर्यंत बंद पडतो."

"असं कसं होईल?"

"होतंय खरं. पुन्हा वाजतो, पुन्हा बंद. मी येतच असतो."

ताईनं आपली ओळ काढून पाहिली. बाबा, सात, नव्वद. नव्वद जिथल्या तिथे होते. तिनं त्यावर कर्सर नेला, जरा वेळ तिथेच ठेवला आणि निर्धास्त झाली. वर जाऊन फंक्शनच्या मूळ कंसात आता कोण कुठे बसलं आहे हे पाहायचं तिला सुचलं नाही. आपणच लिहिलेलं आहे, त्यात काय पाहायचं.

"बाबा, तो दीड मिनिट वाजतो," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आत्ताच बघितलंय. तुम्हाला डुलकी लागली असेल."

बाबा म्हणाले, "असेल बुवा. लागली असेल."

माझ्या आयुष्यात मला याहून वाईट काही ऐकावं लागलेलं नाही. माणूस खरं बोलत होता, आणि त्याच्या मुलीनं त्याच्यापेक्षा माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला. आकडा माझा राहिलेलाही नव्हता.

पुढच्या सकाळी तेच झालं. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ताई जास्त घाबरली.

"ताई, मला त्यांचं काही खरं दिसत नाही. म्हणतात, फोन वाजून बंद पडतो. आज मलाच विचारलं, खरंच वाजतो ना रे, की मला भास होतात?"

"थोडे दिवस बघू या ना."

"बघू. पण अजून एकदा असं झालं, की मी घेऊन येणार. त्यांनाही सांगितलंय. खोली तयार आहे, कपाट रिकामं केलंय."

तिसऱ्या सकाळी मी जीव मुठीत धरून होतो. सातला हाक गेली. पहिली घंटा पुरती वाजलीही नव्हती आणि बाबांनी फोन उचलला. श्वास चढलेला नव्हता. एक दाबला आणि ठेवून दिला. चौथ्या दिवशी तसंच, मग रोजच. नोंदींत बाबांच्या नावापुढे हिरव्या खुणांची ओळ लागली. ताईनं ती सगळ्यांना दाखवली. कोणी म्हणालं, गुडघ्यांचं औषध लागू पडलेलं दिसतंय. धाकट्यानं अंगठा दाखवणारं चित्र पाठवलं. सगळे खूश झाले.

मला काही ते पटेना. बाबा बाईंशी बोलेनासे झाले होते. रिसीव्हर उचलल्यावर मागे एका दिव्याची बारीक घरघर ऐकू यायची, पूर्वी ती कधी नव्हती. फोन ठेवायच्या आत खुर्ची करकरायची. बाबांच्या बोळात खुर्ची नव्हती.

ऋतू बदलला, थंडी पडली. एका दुपारी टापटीप यांनी साफसफाई काढली. कोणता पॅरामीटर कोण वापरतं हे पाहत ते माझ्यापाशी आले.

"हा धीर एकाच ठिकाणी वापरलाय," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांच्या ओळीत. ठेवायचा का?"

ताई दुसऱ्या कामात होती. मान वर न करता म्हणाली, "काढून टाका. बाबा हल्ली पहिल्याच घंटेला उचलतात."

मला राग आला नाही, वाईट वाटलं. जिनं मला नाव दिलं तिनंच काढून टाका म्हणावं, तेही मान वर न करता. माझ्यासारख्याला मरण येतं ते असंच, एक बटण दाबून. त्याचा आवाजही होत नाही.

टापटीप यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. पण त्यांची एक सवय होती. काही काढायचं तर आधी ते जिथे जिथे वापरलंय ती जागा ते वाचायचे. त्यांनी ताईची ओळ वाचली. मग वर जाऊन कंस वाचला. बोटानं खुर्च्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. पेन खाली ठेवलं, तेही आडवंतिडवं.

ते उठून ताईच्या टेबलापाशी गेले.

"तुमचे नव्वद," ते म्हणाले, "माझ्या 'पुन्हा'मध्ये पडताहेत. पहिल्यापासून. मी त्याला मधे बसवला तेव्हापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या वडिलांचा फोन वीस सेकंदच वाजतोय."

ताईनं कंस पाहिला. तिला समजायला वेळ लागला नाही, पण ती तिथेच बघत बसली. मग म्हणाली, "मग ते पहिल्या घंटेला कसे उचलतात?" उत्तर तिचं तिलाच सुचलं असावं. तिनं पर्स उचलली. संध्याकाळची गाडी मिळत होती.

दुसऱ्या सकाळी सातला हाक गेली. पहिल्या घंटेला फोन उचलला गेला. बाईंनी सुरुवात केली, "सुप्रभात. बरे असाल तर एक दाबा." आणि त्यांच्या आवाजावरून पलीकडे ताईचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही इथे कधीपासून बसलाय?"

"आत्ताच आलो."

"मग ही चादर?"

"या दाराशी गार लागतं जरा."

"मी अंधार असताना उठून पाहिलं. तुमचा पलंग रिकामा होता." स्क्रूंची डबी खुळखुळली. "टेबलावरचं सामान पण इथेच आणलंय. इथे कुठे उजेड आहे? स्क्रू दिसतात तुम्हाला?"

"दिव्याखाली दिसतात. मोठे असले की."

"आणि बारीक?"

"बारीक कामाला नाही म्हणतो हल्ली."

ताईचा आवाज फुटला. "मला सांगायचं नाही का, बाबा? फोन बंद पडतो म्हणून सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं," बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "तू म्हणालीस, दीड मिनिट वाजतो."

यंत्रातल्या बाईंनी पुन्हा विचारलं, बरे असाल तर एक दाबा.

"थांब हं," बाबा ताईला म्हणाले. "आधी यांना उत्तर देतो. नाहीतर धाकट्याला निरोप जाईल, आणि तो गाडी घेऊन येईल." त्यांनी एक दाबला. हाक संपली. पुढे त्या बापलेकीचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

परत आल्यावर ताईनं स्वतः दुरुस्ती केली. टापटीप शेजारी खुर्ची ओढून बसले होते. 'पुन्हा'ला त्यांनी कंसात सर्वांत शेवटी नेलं आणि मला माझी जागा परत दिली. ऑफिसात नियम झाला की नवा पॅरामीटर येईल तो मागे बसेल, आधीच्यांना उठवणार नाही. आणि ऐच्छिकांना यापुढे नुसत्या आकड्यानं नव्हे, नाव घेऊन सांगायचं. ताईनं आपली ओळ नव्यानं लिहिली: बाबा, सात, धीर नव्वद. इतक्या काळात पहिल्यांदा कोणीतरी माझं नाव घेऊन मला हाक मारली. मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही.

धाकट्याला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे ते बरोबर सांगत होते." मग म्हणाला, "राहू दे त्यांना तिथेच. मी भरतो कपाट परत." त्याच्या आवाजात सुटल्याचा आनंद नव्हता. त्यालाही बाबा हवे होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मग ताईनं एकेक घर धरून फोन लावले. तुमच्या आईला, तुमच्या सासऱ्यांना फोनपर्यंत यायला किती वेळ लागतो? काही जण पाहून सांगतो म्हणाले. काहींनी खरंच सांगितलं. बरेच जण म्हणाले, ठेवा जे असेल ते. त्यामुळे आता मला सांगणाऱ्या ओळी थोड्या वाढल्या आहेत, पण बहुतेक सकाळ मी अजून गृहीतच असतो.

तुम्हाला वाटेल, बाबांचं घर वाचलं, मला नाव मिळालं, आता रडगाणं कसलं? तेच सांगायचं आहे.

"बाबा, आता नक्की दीड मिनिट वाजणार," ताईनं त्यांना सांगितलं. "मी समोर बसून मोजलंय. तुम्ही मागे खिडकीशी बसत जा."

"हो हो, बसतो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला फोन उचलला. मागे दिव्याची घरघर. त्याच्या पुढच्या दिवशीही. ताईनं पुन्हा सांगितलं, धाकट्यानं सांगितलं, बाबांनी दोघांनाही हो म्हटलं. मग ताई सांगायची थांबली. सकाळी नोंदींत हिरवी खूण येते आणि ती पाहून तिचा चेहरा पडतो. टापटीप यांना ते दिसतं आणि ते पेनं लावत बसतात. कोडमधली चूक निघाली, कोणत्या ओळीत होती तेही सापडलं. बाबांच्या मनात जी बसली ती काढायला तिथे कोणी पोचू शकत नाही. त्यांना कोणीतरी एकदा म्हणालं होतं की फोन वाजतो आणि तुम्हीच चुकता. त्यांनी ते खरं मानलं आणि आपलं चालणंच सोडून दिलं. घर राखलं, पण त्यातल्या एका खुर्चीपुरतं.

म्हणून मी बोलतोय. तुमच्या माणसांनी काही सांगितलं नाही, तर मनानं काही धरून चालू नका. विचारा. आणि सांगितलं, तर आपल्या आकड्याआधी त्यांचं ऐका.

बाबांना मात्र मला काही सांगता येत नाही. आवाज बाईंचा आहे, माझा नाही. मी रोज सकाळी पूर्ण नव्वद सेकंद घेऊन त्यांच्या दारापर्यंत जातो आणि जवळजवळ सगळे तसेच परत आणतो. उद्याही सातला फोन वाजेल. मागच्या खोलीत ऊन आलेलं असेल. बाबा, तुम्ही तिथेच बसा, हातातला स्क्रू नीट बसवा, मग उठा. तोवर फोन वाजू द्या.